छपाईच्या रांगेतली गावं

पाथरीत आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत वडील, पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणि शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांनी, भरलेल्या लाकडी केसेस. पुढच्या खोलीत आई, एक टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. मधल्या दाराला जाड पडदा होता, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून. वडील मुळात अबोल, आणि खिळे जुळवताना तर त्यांना हाक मारलेली अजिबात चालायची नाही. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर नवरदेवाचं नाव बदलायचं. त्यामुळे बाहेर बसलेल्या माणसाला त्याचं काम कुठवर आलंय ते सांगायचं काम आईकडं होतं. त्यासाठी ती पडदा सारून आत बघायची नाही. तिला ते आवाजावरून कळायचं.

खिळा हातातल्या पट्टीत बसला की बारीक टिक् व्हायचं. जुळवलेला मजकूर लोखंडी चौकटीत आवळताना लाकडी हातोडीचे ठोके पडायचे. शाईच्या तबकडीवर रूळ फिरायला लागला की चिकट चरचर यायची. मग खुद्द ट्रेडलचा आवाज. तो सुरू झाला की बाकड्यावरची माणसं सरसावून बसायची. पावतीपुस्तकांना शिवण घालता घालता, मान वर न करता, आई सांगायची.

"वहिनी, कुठवर आलं आमचं?"

"आवळायलेत. आता शाई लागंल. तुमी स्टँडवर जाऊन चहा पिऊन या."

माणूस चहा पिऊन येईपर्यंत खरंच शाई लागलेली असायची. बाजारात इतर ठिकाणी 'उद्या या' म्हणायची पद्धत होती. आईला ते पटायचं नाही. खेड्यातून आलेल्या माणसाचा एक दिवस जायचा, वर एसटीचं भाडं. काम झालं नसेल तर झालं नाही असंच ती सांगायची, आणि का झालं नाही तेही. पत्रिका छापून झाल्या की त्या गावाच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायची. कंडक्टर गावच्या थांब्यावर ओरडून सांगायचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाडा पेटला, वस्त्या जळाल्या, तेव्हा गाड्या बंद पडल्या. छापून झालेले गठ्ठे आमच्याकडं तसेच पडून होते, आणि ज्यांचे ते गठ्ठे ती माणसं कुठं आहेत, कशी आहेत, काही कळत नव्हतं. मी तेव्हा शाळेत होते. त्या दिवसांत आई जेवताना मधेच थांबायची आणि एखाद्या गावाचं नाव घ्यायची, एवढं मला आठवतं.

एका लग्नसराईतली गोष्ट आहे. मानवतकडच्या एका खेड्यातला माणूस मुलीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आला होता. आईनं त्याला सांगितलं होतं की मजकूर आवळून झालाय, मशीनवर चढायचा बाकी आहे. आणि तेवढ्यात आतून आवाज आला. शिशाचे खिळे फरशीवर सांडतात तेव्हा जोंधळ्याचं पोतं फुटल्यासारखं वाटतं. वडिलांनी चौकट उचलली होती आणि आवळ नीट बसला नसावा, अख्खा मजकूर मधूनच निसटला होता. आई उठली, आत गेली, बाहेर आली.

"दादा, सांडलं सगळं. पयल्यापासून जुळवावं लागतंय."

त्या माणसानं टोपी काढून बाकड्यावर ठेवली. मग म्हणाला, "मी बसतो."

आई एरवी खिळे जुळवायला बसायची नाही, पण त्या दिवशी बसली. मी फरशीवर रांगत खिळे गोळा करून देत होते. दर थोड्या वेळानं आई आतूनच मोठ्यानं सांगायची, "गणपतीचा श्लोक झाला हो." मग, "नवरीचं नाव झालं." मग, "आता मामा लागलेत. लय मामा हायेत तुमच्या पोरीला." बाहेरून हसल्याचा आवाज आला. दिवस कलायच्या आत तो माणूस पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून शेवटच्या गाडीनं गेला. तो गेल्यावर आई वडिलांना म्हणाली, "माणूस थांबतो की. त्याला सांगत राहायला पायजे फक्त." वडिलांनी मान हलवली आणि शाईचे हात रॉकेलनं पुसत राहिले.

मी टायपिंग शिकले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि नव्वद सालाच्या आगेमागे परभणीत एका सरकारी कचेरीच्या संगणक कक्षात नोकरीला लागले. राहायला मावशीकडं. संगणक कक्ष हा शब्द दारावर रंगवलेला होता, आणि तो वाचायला कचेरीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत येऊन उभी राहायची. आत गारवा, फरशीवर गालिचा, चपला दाराबाहेर. एका कोपऱ्यात मोठी पेटी, ती मुख्य मशीन. तिला जोडलेले काचेचे चार पडदे, चार मुलींसाठी. मराठी अक्षरं उमटावीत म्हणून मशीनमध्ये वेगळं कार्ड बसवलं होतं. छपाईचं यंत्र मात्र आमच्या खोलीत नव्हतं. त्याचा आवाज इतका कर्कश होता की साहेबांनी ते अंगणापलीकडच्या जुन्या रेकॉर्डच्या खोलीत ठेवायला लावलं होतं. दोन खोल्यांच्या मधून एक काळी केबल गेली होती, लिंबाच्या झाडाला तार बांधून वर उचललेली. त्या केबलवर चिमण्या बसायच्या.

पहिल्या आठवड्यात मी एक पत्र टाइप केलं आणि छपाईला पाठवलं. काहीच झालं नाही. म्हणजे माझ्या समोर काही झालं नाही. आमच्या छापखान्यात एवढ्या वेळात निदान आवाज तरी आला असता. मी साहेबांना विचारलं, "सर, आता ते गेलं की नाही कसं कळायचं?"

साहेब तरुण होते, औरंगाबादहून आलेले. त्यांनी वाकून माझ्या कळफलकावर एक लहानशी आज्ञा टाइप केली. पडद्यावर चार ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीत कामाचं नाव, पाठवणाऱ्या मुलीचं नाव, किती पानं, त्यातली किती झाली, आणि शेवटी एक शब्द. पहिल्या ओळीत प्रिंटिंग, बाकी तिन्हींत वेटिंग. माझं पत्र तिसरं होतं.

"ही रांग," साहेब म्हणाले. "तुझ्या पुढं दोघं आहेत. पुन्हा विचार."

मी पुन्हा तीच आज्ञा दिली. पहिली ओळ नाहीशी झाली होती. माझं पत्र दुसरं झालं होतं.

मी उठून दारात गेले. अंगणात ऊन होतं. पलीकडच्या खोलीचं दार बंद, त्यातून रातकिड्यासारखा आवाज. मी परत येऊन विचारलं. आता माझ्या पत्रापुढं प्रिंटिंग होतं. मी पुन्हा दारात जाऊन ऐकलं. आवाज तोच होता, पण तो आता माझ्या पत्राचा होता, आणि हे मला भिंतीआडून, अंगणापलीकडून, नक्की ठाऊक होतं. अंगावर काटा आला. बाकीच्या मुली माझ्याकडं बघत होत्या. त्यांना त्यात काही वाटत नसावं. त्यांच्या घरी छापखाना नव्हता.

त्यानंतर ती आज्ञा मी दिवसातून किती वेळा द्यायचे ते विचारू नका. गरज नसतानाही द्यायचे. दुसरं कुणी काही पाठवलं असलं तरी बघायचे. साहेबांच्या लक्षात आलं, पण ते रागावले नाहीत. उलट त्यांनी रांगेवर लक्ष ठेवायचं काम मलाच दिलं. कागद संपला, शाईची फीत फाटली, कुठलं काम अडकलं, की मी पडद्यावर बघून पलीकडं निरोप द्यायचा. पलीकडं एक वयस्कर शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामा कागदाच्या खोक्याशेजारी स्टुलावर बसून असायचे आणि कानात कापूस घालायचे. त्यामुळे निरोप द्यायला प्रत्यक्ष जावंच लागायचं.

मग मतदार याद्यांचं काम आलं. सगळ्या जिल्ह्याच्या याद्या मराठीत छापायच्या होत्या. आम्ही कित्येक महिने नावं भरत होतो, आणि छपाई सुरू झाली तेव्हा साहेबांनी एका एका गावाचं एक एक काम करून रांगेत लावलं. कामाचं नाव इंग्रजीतच द्यावं लागे आणि त्यात आठच अक्षरं मावत. त्यामुळे चारठाण्याचं शेवटचं अक्षर कापलं जायचं, पालम सुखानं बसायचं, आणि काही लहान गावांची नावं अशी व्हायची की ती त्या गावच्या माणसालाही ओळखता आली नसती. मी विचारायचे आणि पडदा भरून गावं वर यायची. ओळीखाली ओळ. एक छापायला लागलेलं, बाकी थांबलेली. जिंतूरकडची, गंगाखेडकडची, आमच्या पाथरीची. जिथं मी कधी गेले नव्हते, ज्यांची नावं फक्त एसटीच्या पाट्यांवर वाचली होती, ती सगळी त्या काचेमागं आपापल्या नंबरानं उभी होती. कुणी पुढं घुसत नव्हतं. एक गाव संपलं की नाहीसं व्हायचं आणि सगळी एक पायरी वर सरकायची. मी ते बघत बसायचे.

त्याच दिवसांत आई परभणीला आली. वर्षातून दोनदा ती शाई आणि कागद घ्यायला यायची, वडील मशीन सोडून येत नसत. या वेळी व्यापाऱ्याकडं माल बांधून होईपर्यंत वेळ होता म्हणून ती माझ्या कचेरीत आली. दारातल्या चपलांची रांग बघून तिनं न सांगता आपल्या काढल्या. आत आल्यावर गारव्यानं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. साहेबांनी तिला माझ्या शेजारी खुर्ची दिली.

आमच्या मागच्या बाकावर पालमचे एक गुरुजी बसले होते. निवडणुकीच्या कामावर त्यांची नेमणूक झाली होती आणि त्यांच्या भागातल्या गावांच्या याद्या न्यायला ते सकाळपासून आले होते. पिशवी मांडीवर, छत्री पिशवीवर. त्यांना दुपारची पालमची गाडी गाठायची होती.

आईनं पडद्याकडं बघितलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. "हे काय करायलीस?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ही गावं, इतकी पानं, हे छापायलंय, ही थांबलीत. तिनं बोटानं विचारलं, "हा शेवटचा शब्द काय?"

"वेटिंग."

"ठेसनावर वेटिंग रूम आस्ती तसं?"

"तसंच."

"आन् मशीन कुठंय?"

मी खिडकीतून पलीकडची खोली दाखवली. ती उठून खिडकीशी गेली. केबल बघितली, लिंबाचं झाड बघितलं, पलीकडचं बंद दार बघितलं. मग परत येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "हे खरं सांगतंय का पण?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. आयुष्यभर तिनं लोकांना कुठवर आलं ते सांगितलं होतं. कुणीतरी खोटं सांगत असेल तर ते तिला चालणार नव्हतं. मी म्हटलं, "जाऊन बघ की."

ती खरंच गेली. चपला घातल्या, अंगण ओलांडलं, दार ढकलून आत गेली. मी पडद्यावर विचारलं. वर पालमकडचं एक गाव होतं, निम्मी पानं झालेली. थोड्या वेळानं आई परत आली. "मामांना इचारलं, कोणतं गाव चाललंय. त्यांनी कागद बघून सांगितलं." आणि तिनं त्याच गावाचं नाव घेतलं.

"बघ, खरं आहे ना."

"थांब," ती म्हणाली. "मी मामांना सांगून आलेय, जरा मशीन बंद करा म्हणून."

मी घाईनं आज्ञा दिली. आकडा तोच होता. पुन्हा दिली. आकडा हलला नव्हता. आईनं ते आकडे वाचले, आकडे तिला येत होते. तिनं मला पुन्हा विचारायला लावलं. हलला नाही. मग ती खिडकीशी गेली आणि पलीकडं दारात उभ्या असलेल्या मामांना हातानं खूण केली. मामा आत गेले. रातकिडा पुन्हा सुरू झाला. मी विचारलं. आकडा पुढं गेला.

आई खुर्चीत टेकली. तिचे दोन्ही हात मांडीवर उपडे होते. बराच वेळ ती त्या काचेकडं बघत राहिली. ती एवढंच म्हणाली, "भिंतीपलीकडचं दिसतंय की गं."

साहेब दुरून बघत होते. मशीन थांबवल्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

मग आई मागं वळली आणि गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, तुमचं चाललंय बघा. तुमच्या भागातलं एक झालं, दुसरं निम्मं झालंय. अजून तीन हायेत." गुरुजींनी सकाळपासून पहिल्यांदाच छत्री खाली ठेवली. "मग गाडी मिळंल म्हणायची," ते म्हणाले. त्यानंतर आई आणि गुरुजी यांचं जे सुरू झालं ते मला फार ओळखीचं होतं. ती मला विचारायला लावायची, आकडा वाचायची आणि त्यांना सांगायची. गुरुजी प्रत्येक गावाबद्दल काहीतरी सांगायचे, कुठं नदी आडवी येते, कुठल्या गावात शाळेला छप्पर नाही. आई ऐकायची आणि पुन्हा पडद्याकडं वळायची.

दुपारी वीज गेली.

परभणीत वीज जाणं नवीन नव्हतं. मशीनला जोडलेल्या बॅटऱ्या काही वेळ तग धरायच्या, पण त्या दिवशी आधीच दोनदा वीज गेली होती आणि त्या उतरल्या होत्या. चारही पडदे एकदम काळे झाले. गार हवेचं यंत्र थांबलं तेव्हा कळलं की ते एवढा आवाज करत होतं. मग पलीकडचा रातकिडाही थांबल्याचं लक्षात आलं. साहेब उठून उभे राहिले आणि हळू म्हणाले, "अरे देवा." ती मशीन अशी अचानक बंद पडलेली चालायची नाही.

आई माझ्याकडं वळली. तिनं विचारायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं की तिला काय ऐकू आलं होतं. फरशीवर सांडलेले खिळे. महिनोन्‌महिने भरलेली नावं, ती रांग, ती सगळी गावं.

"सांडलं का सगळं?" ती म्हणाली.

"माहीत नाही," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. नावं मशीनमधल्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, साठवलेली आहेत हे ठाऊक होतं. पण रांग? कुणाच्या पाठीमागं कोण उभं होतं, कुणाचं अर्धं झालं होतं, हे कोण लक्षात ठेवणार होतं? ते तर आम्ही कुठं लिहून ठेवलं नव्हतं.

आम्ही बसून राहिलो. खोली गरम होत गेली. गुरुजींनी घड्याळ बघितलं. मामा कानातला कापूस काढून दारात येऊन उभे राहिले. आई उठली आणि गुरुजींजवळ बाकावर जाऊन बसली. तिनं त्यांना सांगितलं, "लाइट गेलीय. पुढलं काय व्हतंय ते अजून ठाऊक न्हाई. ठाऊक झालं की सांगते."

गुरुजी म्हणाले, "बसतो मी."

वीज आली तेव्हा साहेबांनी कुणालाही कशाला हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतः मशीन सुरू केली. पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर वर जायला लागल्या. मशीन आपलं सगळं घर तपासून बघतेय, असं साहेबांनी सांगितलं, कुठं काही फुटलंय का ते. त्याला बराच वेळ लागला. शेवटी तपासणी संपली, नाव विचारणारी ओळ आली, मी माझं नाव दिलं आणि ती लहानशी आज्ञा टाइप केली. बोट कळीवर टेकवून जरा थांबले. मग दाबली.

गावं आली.

ओळीखाली ओळ, त्याच क्रमानं. ज्या गावाचं अर्धं राहिलं होतं तेच पहिलं. त्याच्या मागं गुरुजींची उरलेली गावं, त्यामागं चारठाणा कापलेल्या नावानं, त्यामागं आमचं पाथरी. एकही आपल्या जागेवरून हललं नव्हतं. काळोखात, वीज नसताना, कुणी बघत नसताना, ती सगळी तशीच उभी राहिली होती. साहेबांनी श्वास सोडल्याचा आवाज आला. ते मला समजावून सांगायला लागले, रांग तबकडीवरच लिहिलेली असते वगैरे, आणि मी मान हलवत होते, पण मला नीट ऐकू येत नव्हतं. शेवटचा शब्द मी वाचत होते. वेटिंग, वेटिंग, वेटिंग. मग सगळ्यात वरच्या ओळीत तो शब्द बदलला, आणि त्याच क्षणी अंगणापलीकडं छपाईचं यंत्र आपणहून सुरू झालं. मामा अजून आमच्याच दारात उभे होते. त्यांनी वळून आपल्या रिकाम्या खोलीकडं बघितलं.

आई कधी माझ्या मागं येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

"ध्यानात ठेवलं यानं," ती म्हणाली. "कुणाच्या मागं कोण ते सुदिक."

"हो."

"अर्धं झालेलं कुठून करायलंय आता?"

"पहिल्या पानापासून. ते एवढं गाव पुन्हा."

"बराबर हाय," ती म्हणाली. "अर्धवट जोडून देऊ न्हाई." आणि ती गुरुजींकडं वळून म्हणाली, "सांडलं न्हाई, गुरुजी. तुमचं समदं हाय. पयल्या पानापासून लागलंय."

गुरुजींची दुपारची गाडी गेली होती. संध्याकाळची मिळाली. मामांनी त्यांच्या याद्यांचे गठ्ठे सुतळीनं बांधून दिले, आणि आईनं प्रत्येक गठ्ठ्यावर हात फिरवून कागदाची कड सारखी आहे का ते बघितलं, सवयीनं. जाताना गुरुजी पडद्यासमोर थांबले. त्यांच्या भागातलं एकही गाव आता रांगेत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे ती गेली कुठं?" मी त्यांच्या पिशवीकडं बोट दाखवलं. ते त्यावर मनापासून हसले.

यानंतर मी याच कामात राहिले. दुसऱ्या कचेऱ्या, दुसऱ्या मशीनी. पडदे रंगीत झाले, आज्ञा टाइप करायची गरज उरली नाही, छपाईच्या यंत्राचं लहानसं चित्रच कोपऱ्यात यायला लागलं. ती सगळी यंत्रं जुन्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगतात, आणि अजूनही कधी एखादं काम रांगेत वर सरकताना दिसलं की मी हातातलं सोडून बघत राहते. वडिलांचं ट्रेडल पुढं बरीच वर्षं चाललं. आईनं त्यांना त्या दुपारबद्दल किती सांगितलं आणि त्यांना ते किती पटलं, हे त्या दोघांनाच ठाऊक. ते कधी बघायला आले नाहीत.

त्या संध्याकाळी मी आईला स्टँडवर सोडायला गेले. शाईचे डबे आणि कागदाचे रीम कंडक्टरनं टपावर चढवले. ती खिडकीजवळ बसली. कचेरीतून निघाल्यापासून ती फारशी बोलली नव्हती. मला वाटलं दमली असेल. मी खिडकीखाली उभी होते. गाडी भरत होती. तिच्या शेजारी एक बाई येऊन बसल्या, डोक्यावर पदर, मांडीवर भाजीची टोपली. त्यांनी आईला विचारलं, कुठं चाललात, कुठून आलात. आणि आई बोलायला लागली.

"परभणीत एक खोली हाय," मला तिचा आवाज ऐकू आला. अगदी हळू आणि गंभीर, जसं कुणी पाहून आलेल्या मोठ्या गोष्टीबद्दल बोलतं. "तिथं एका काचंवर आपली समदी गावं येतात. लाइट गेली तरी जात न्हाईत. थांबून राहत्यात."

"कोण आणतंय त्यांना?" त्या बाईंनी विचारलं.

"कुणी न्हाई आणत. त्यांचा नंबर लागलेला आस्तो. माझी पोरगी तिथं बसती."

"ती छापती काय?"

"न्हाई," आई म्हणाली. "ती बघती."

त्या बाईंनी टोपली सावरली आणि खिडकीतून वाकून माझ्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग "आमचं गाव बी..." म्हणत आईला काहीतरी विचारलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं नाही. आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि गाडी स्टँडाबाहेर वळली.